बारावी खुर्ची

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या सुरुवातीच्या रविवारी, झावळ्या हातात घेऊन होणारी उपासना संपल्यावर, नाशिकमधल्या एका जुन्या चर्चमध्ये चिठ्ठी काढण्यात आली आणि बारावी खुर्ची माझ्या शेजाऱ्याच्या वाट्याला आली. चिठ्ठी मंडळीतल्या सर्वांत वयस्कर बाईंनी काढली, नाव चर्चच्या सेक्रेटरींनी मोठ्यानं वाचलं. शेजारी तेव्हा मागच्या खांबाजवळ उभा होता.

मी त्या मंडळीतला नाही. नाशिकच्या एका दैनिकात बरीच वर्षं बातमीदारी केली आणि दरवर्षी ईस्टरच्या आठवड्यात त्या चर्चची छोटी बातमी माझ्याकडे असायची. नोकरी सुटल्यावरही जाणं सुटलं नाही. त्यामुळे खुर्चीची प्रथा मला ठाऊक होती.

गुरुवारी संध्याकाळी वेदीपुढे बारा खुर्च्या मांडतात. येशूनं शेवटच्या जेवणाआधी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, गुडघ्यावर बसून बारा जणांचे पाय धुतात. अकरा खुर्च्यांवर कोण बसणार हे वय आणि मान पाहून आधीच ठरलेलं असतं. बारावी मात्र कुणी मागून घेत नाही. पाय धुऊन झाले की बायबलचं वाचन होतं आणि विश्वासघात करणारा शिष्य जेवणावरून उठून जातो त्या जागी वाचन आलं की बाराव्या खुर्चीवरच्या माणसानं उठायचं, मधल्या वाटेनं चालत जायचं आणि मोठ्या दारातून बाहेर पडायचं. दार लावलं जातं. त्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून दिली जाणारी भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला मग अकरा जणांनाच मिळतो. बाराव्याला तो थेट ईस्टरच्या सकाळी. मंडळीत कुणी वाईट वाटून घेऊ नये म्हणून या खुर्चीपुरती चिठ्ठी काढतात.

शेजारी एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. बहुतेक नोकरी सुरगाण्याच्या रस्त्यावर झालेली. काही वर्षांपूर्वी त्याची बायको आजारी पडली, तेव्हा पेठ रोडच्या एका हॉलमध्ये प्रार्थना घेणारे लोक रोज घरी यायचे. चर्चमधून कुणी फिरकलं नाही. बायको बरी झाली आणि शेजारी त्या हॉलमध्ये जाऊ लागला. नंतर तो परत आला. का आला, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. मंडळीनं त्याला परत घेतलं, पण टोमणे थांबले नाहीत.

त्या रविवारी उपासनेनंतरच्या चहाच्या टेबलाशी मी उभा होतो.

"काय ड्रायव्हरसाहेब, रस्ता पाठ आहे ना? एकदा गेलेलेच आहात," एक जण म्हणाला.

"रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर शिट्टी कोण मारणार?" दुसरा म्हणाला. तीनचार जण हसले.

"गप्प बसा रे, सणाचे दिवस आहेत," एक बाई म्हणाल्या. त्यासुद्धा हसत होत्या.

शेजाऱ्यानं चहा अर्धा ठेवला आणि घरी निघाला.

आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे आणि गच्चीवरचं बोलणं सहज ऐकू येतं. त्या दुपारी त्याच्या बायकोचा आवाज आधी आला. "अहो, चिठ्ठी आहे ती. कुणी मुद्दाम केलंय का?"

"मुद्दाम केलं असतं तर भांडलो असतो. देवाशी काय भांडू? मी गुरुवारी येणार नाही. आणि गुरुवारी नाही आलो तर पुन्हा कधीच नाही."

"माझी आई इथल्या दफनभूमीत आहे. मी दुसरीकडे जाणार नाही. तुम्हाला जायचं तर जा, एसटीचा पास आहेच तुमच्याकडे."

थोड्या वेळानं त्यानं मला कठड्यापाशी बोलावलं. म्हणाला, "पत्रकारसाहेब, तुम्ही साऱ्या गावाच्या चौकशा करता. ही एक माझ्यासाठी करा. ही खुर्ची नक्की कुणाची? जो फितूर झाला त्याची, की त्याच्या जागी जो आला त्याची? चिठ्ठी तर दुसऱ्यासाठी टाकली होती, एवढं मलाही माहीत आहे."

प्रश्न नेमका होता. मी तो घेतला.

आधी सेक्रेटरींना भेटलो. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि प्रथांची माहिती त्यांच्याकडे असते असं सगळे सांगतात. त्यांचं उत्तर तयार होतं. विश्वासघात करणारा मेला, बारांचे अकरा उरले. येशू स्वर्गात गेल्यावर त्या अकरांनी दोन माणसं पुढे केली, प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या आणि एकाला बारांत घेतलं. "म्हणून आपल्याकडे चिठ्ठी. खुर्ची त्या नव्या प्रेषिताची."

"मग तो उठून बाहेर का जातो? नवा माणूस तर गेला नव्हता."

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. "प्रथा आहे."

"कुणी सुरू केली?"

"आधीपासून आहे."

घरी येऊन मी बायबलमधले मूळ प्रसंग वाचले. पाय धुण्याचा प्रसंग येशूच्या मरणाच्या आदल्या रात्रीचा, चिठ्ठीचा प्रसंग त्यानंतर काही आठवड्यांनी घडलेला. मंडळीनं दोन्ही एका संध्याकाळी आणि एका खुर्चीवर आणून ठेवले होते. वाचताना इतर गोष्टीही लक्षात आल्या. रिकाम्या जागेसाठी अट होती: माणूस सुरुवातीपासून सोबत असलेला हवा आणि येशू मेलेल्यांतून उठला याची साक्ष देणारा हवा. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली त्याचा उल्लेख पुढे त्या कथनात कुठेही नाही. नंतर बारांपैकी एकाला राजानं मारलं, तेव्हा मात्र त्याच्या जागी कुणाला निवडलं नाही. का नाही, याचं कारण दिलेलं नाही. आणि ज्यानं सर्वांत जास्त गावं पालथी घातली, सर्वांत जास्त पत्रं लिहिली, तो या बारांत नव्हताच. आपणही प्रेषितच आहोत हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. प्रेषित या शब्दाचा अर्थ एवढाच: पाठवलेला.

चिठ्ठी काढणाऱ्या आजी शरणपूरच्या बाजूला लेकीकडे राहतात. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी बारावी खुर्ची रिकामी असायची. तेव्हाचा मिशनरी साहेब रिकाम्या खुर्चीपुढं बसायचा आणि पाणी ओतायचा. फरशीवर सांडायचं सगळं." सेक्रेटरींना मी हे विचारलं. त्यांना तसं काही आठवत नव्हतं. आणखी कुणी दुजोरा दिला नाही, म्हणून ही माहिती मी पक्की धरत नाही.

बुधवारी संध्याकाळी पाळकांकडे गेलो. शेजारीही सोबत आला. येणार नाही म्हणत होता, पण गेटजवळ माझ्या आधी उभा होता. पाळक नगरकडचे, इथे नवीन आलेले. त्यांच्या ओसरीवर उद्याच्या वेदीसाठी निशिगंधाच्या जुड्या पाण्यात ठेवल्या होत्या. मखमलाबादचा एक माळी दरवर्षी त्या आणून देतो.

"सलाम," मंडळीतल्या रीतीप्रमाणे शेजारी म्हणाला आणि न बसताच त्यानं विचारलं, "खुर्ची कुणाची?"

पाळक हसले. "मी आल्यापासून हाच प्रश्न मलाही आहे. कमिटीला विचारलं तर म्हणाले, साहेब, पहिलंच वर्ष आहे, जरा दमानं घ्या."

"साहेब, थट्टा नको."

"बरं. चिठ्ठी नव्याची आहे, उठून जाणं जुन्याचं आहे. प्रथेत दोघांची गल्लत झाली आहे."

"नव्याची धरली तर ती मला बसत नाही. त्याची अट, सुरुवातीपासून सोबत हवा. मी मध्ये नव्हतो. हे यांनी वाचून सांगितलं." त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"आणि जुन्याची धरली तर?"

"तर लोक म्हणतात ते खरं."

पाळकांनी त्याला खुर्ची दिली. आता तो बसला. पाळक म्हणाले, "येशूला धरलं त्या रात्री पळाले सगळेच. अकराच्या अकरा. त्यांच्यातला म्होरक्या तर येशूला ओळखतच नाही म्हणाला, तेही तीनदा. मध्ये नसणं हे फक्त तुमचं नाही. अकरा जण परत आले आणि त्यांनाच पुढे पाठवलं. बारावा परत आला नाही. आला असता तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येत नाही."

शेजाऱ्यानं खुर्ची थोडी पुढे ओढली. मग विचारलं, "पाय धुतले तेव्हा तो होता?"

"होता."

"आणि हा फितूर होणार, हे धुणाऱ्याला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आधी धुतले, मग तो उठला?"

"आधी धुतले."

"उद्या वाचताना त्या जागी तुम्ही थांबणार?"

"दरवर्षी थांबतात. बाराव्याला चालत जायला वेळ मिळावा म्हणून."

"थांबा मग," शेजारी म्हणाला आणि उठला. उद्या येणार का, असं वाटेत मी विचारलं. तो म्हणाला, "घाटात पुढच्या वळणाचं आधी सांगत नसतात, पत्रकारसाहेब."

गुरुवारी उपासना सुरू झाली तेव्हा बारावी खुर्ची रिकामी होती. त्याची बायको बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत बसली होती आणि मागे वळून पाहत नव्हती. दुसरं गीत चालू असताना शेजारी बाजूच्या दारानं आला, चपला दाराशी काढल्या आणि खुर्चीवर बसला. पुढच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं. पाळकांनी पहिल्या खुर्चीपासून सुरुवात केली. एका परातीत पाणी, खांद्यावर पांढरा टॉवेल. बाराव्या खुर्चीपाशी पोचेपर्यंत टॉवेल पूर्ण ओला झाला होता. शेजाऱ्यानं आधी उजवा पाय पुढे केला, मग डावा.

मग वाचन सुरू झालं. सेक्रेटरी नेहमीप्रमाणे मोठ्या दाराशी कडीला हात लावून उभे होते. पाळक वाचत वाचत त्या जागी आले आणि थांबले.

शेजारी उठला नाही.

त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले होते. अकरा जणांपैकी दोघांनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं. मंडळीत कुणीतरी खोकलं. सेक्रेटरींनी पाळकांकडे पाहिलं. पाळकांची नजर पुस्तकावर होती. थोड्या वेळानं त्यांनी पुढची ओळ वाचली, मग त्यापुढची. सेक्रेटरींनी कडीवरचा हात काढला. दार उघडंच राहिलं.

त्यानंतर भाकर मोडण्यात आली आणि बारा जणांना देण्यात आली.