बदलीची तयारी

"बसते हं," असं म्हणून ती कधीच बसली नाही. आमच्या दारात आली की आधी हातातल्या बांगड्या काढून पर्समध्ये टाकायची, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहायची, आणि बोलताना सगळं लक्ष जिन्याकडे. वर तिची मुलगी असे. बांगड्यांची किणकिण त्या पोरीला सोसत नसे, आणि वर कधी धावावं लागेल याचा नेम नसे.

मुलांनो, मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा आपला वरचा मजला रिकामा होता. ही साताऱ्याकडची मंडळी नंतर आली. नवरा लष्करात, झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत. मुलगी सहा वर्षांची, तिला ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. मग्न माणूस निवांत असतं. या पोरीला तर सीपरी बाजारातले हॉर्न, शेजारचा मिक्सर, पावडरचा वास, सगळंच एकदम अंगावर येई.

दूधवाल्यानं एकदा विचारलं, "बिटिया बोलत नइयां का?" ती म्हणाली, "बोलती है भैया, अपने टाइम से." आणि तो पुढे काही बोलायच्या आत जिना चढून गेलीसुद्धा.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला झाशीतली आपली जुनी मराठी घरं एकत्र येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. यंदा ते लक्ष्मी गेटजवळ माझ्या जाऊबाईंकडे होतं. त्यांनी कौतुकानं मागून येऊन मुलीवर गुलाबदाणीतलं गुलाबपाणी शिंपडलं. पोर कान दाबून जमिनीवर पडली आणि किंचाळू लागली. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं लाड फार झालेत. एकीनं तर हिंदीतून थपडेचा उपाय सुचवला. आणि ही? चांगल्या रेशमी साडीत मुलीशेजारी फरशीवर आडवी झाली. हात लावला नाही, समजूत घातली नाही, नुसती पडून राहिली. किंचाळणं ओसरल्यावर उठून म्हणाली, "हट्ट नाही करत ती. थेंब टोचतात तिला."

"गुलाबपाणी टोचतं?" जाऊबाईंनी विचारलं.

"तिला टोचतं, काकू."

जाऊबाईंनी गुलाबदाणी कपाटात ठेवली आणि पन्ह्याचा पेला मुलीच्या हातात न देता तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवला. थोड्या वेळानं तो तिनं आपण होऊन उचलला.

पावसाळ्यानंतर बदलीचा हुकूम आला, आणि वर तिच्या येरझाऱ्या वाढल्या. मागच्या बदलीला नवऱ्याच्या मित्रांनी मदत म्हणून, मुलगी आजीकडे असताना, सगळं सामान भरून टाकलं होतं. मुलगी परतली ती रिकाम्या घरात. चार शब्द बोलत होती, तेही गेले. ते इथं, आपल्या माडीवर, कुठे परत येऊ लागले होते.

"सामान फुटलं तरी चालेल, काकू," ती म्हणाली. "शब्द पोचायला हवेत."

म्हणून तिनं लष्करी काळ्या ट्रंका खूप आधी आणवल्या आणि मुलीच्या खोलीत उघड्या ठेवल्या. भरायचं ते मुलीच्या देखत. मुलीनं बाहेर काढलं तर काढू द्यायचं. सकाळी भरलेल्या उशा दुपारी पुन्हा पलंगावर. नवरा कुरकुरला की फौजेत असं पॅकिंग होत नाही. ही म्हणाली, "ती फौजेत नाही." हळूहळू पोर स्वतःच एकेक वस्तू आत ठेवू लागली. निघायच्या दिवशी रडली नाही, पण बोललीही नाही.

त्यानंतर मला चैन नव्हतं. वर जाऊन खिडक्या उघडायच्या, पुन्हा लावायच्या. पुस्तक घ्यायचं, ठेवायचं. रोज फोन करायचा आणि रोज तेच उत्तर, "अजून नाही, काकू." तुमचे आजोबा म्हणाले, त्या बाईला तरी उसंत दे. मग मी एक दिवसाआड करू लागले.

काल दुपारी तिचाच फोन आला.

"बोलली. दुधाचा पेला पुढे केला तर 'नको' म्हणाली. स्पष्ट."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, नको म्हणाली ना ती," पलीकडून रडवेल्या हसण्यातून आवाज आला. "मीच पिऊन टाकलं."