मुहूर्ताची गाडी

कृष्णात चौगुले मंगळवार पेठेतले. तीस वर्षं त्यांनी शहरात बस चालवली. निवृत्त झाल्यावर घरी बसायचं त्यांच्या मनात होतं, पण पेठेनं बसू दिलं नाही. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो आधी कृष्णातमामांच्या दारात यायचा. मामा काही मिस्त्री नव्हते. बॉनेट उघडून आत डोकावणं आपलं काम नाही, हे ते स्वतःच सांगत. ते ड्रायव्हरच्या जागेवर बसत, पाय पेडलवर ठेवत, डोळे मिटून इंजिनचा आवाज ऐकत, आणि मग गाडी एखाद्या चढाला नेऊन आणत. परत आल्यावर दोनच उत्तरं असायची. "चालंल," नाहीतर "र्‍हाऊ द्या." कारण विचारलं तर सांगत, नाही विचारलं तर चहा पिऊन घरी जात. त्यांनी 'र्‍हाऊ द्या' म्हटलेली गाडी पेठेत कुणाच्या दारात उभी दिसायची नाही.

असा हा माणूस त्या शनिवारी सकाळी घरभर चपला शोधत होता. बायको बाळाबाई शेवटी म्हणाली, "पायातच हायत की. जावा आता, पोरगी खोळंबलीया."

पोरगी म्हणजे वर्षाराणी. आजऱ्यात तिचा काजूचा कारखाना होता, चांगला चालला होता. आजऱ्यातल्या व्यापाऱ्यांशी 'मी येते, मी बघते' असं बोलणारी वर्षाराणी बापाशी बोलताना मात्र अजून शाळेतल्यासारखं 'मी येतो, मी बघतो' म्हणायची. तिनं शाहूपुरीत एक जुनी रोडस्टर बघून ठेवली होती. लाल, दोनच माणसांची, कापडी टप मागं घडी घालून ठेवता येणारी. पैसा तिचा होता, हौसही तिची होती. पण कृष्णातमामांना ती गाडी डोळ्यासमोर नको होती. आठवडाभर त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. आजऱ्याच्या पावसात उघडी गाडी? बाईमाणूस एकटं, त्यात लाल रंग, सगळा रस्ता वळून बघणार. आणि काजूची पोती काय मांडीवर घेणार?

वर्षाराणीनं सगळं ऐकून घेतलं होतं आणि शेवटी म्हणाली होती, "आण्णा, सगळ्या पेठेच्या गाड्या तुम्ही बघता. माझीबी बघा. पण एक सांगतो. गाडीत खोट असली तर सांगा. माझी हौस खोटी वाटती म्हणून गाडीत खोट काढू नका."

हे वाक्य त्यांच्या अंगाला चिकटून बसलं होतं. कारण 'र्‍हाऊ द्या' तोंडात तयार होतं, गाडी बघायच्या आधीच. ते बोलले असते तर तिला खरं वाटलं नसतं. आणि वर्षाराणीचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. ती भांडायची नाही, रुसायची नाही. नुसतं विचारणं बंद करायची. एकदा बंद झालं की झालं.

शाहूपुरीत धैर्यशील नावाचा तरुण जुन्या गाड्यांचा व्यवहार करायचा. बोलायला मोकळा, आवाजानं दोन दुकानं पलीकडं ऐकू जाणारा.

"या पावणं, या! ही बघा राणी. मालक लई शौकीन. मुहूर्ताशिवाय गाडी भाईर काढत न्हाईत. काटा बघा, किती कमी पळालीया. टायर बघा, नव्यासारखं. पुराचं पाणी तर हिनं सपनातबी बघितलं न्हाई."

पुराचं पाणी कृष्णातमामांनीही आधी शोधलं. सीटखालचे लोखंडी पट्टे चाचपले, पायाखालची चटई उचलून वास घेतला, दिव्यांच्या काचांच्या कडेला गाळाची रेघ आहे का पाहिली. काही नव्हतं. गाडी कोरडी होती. वर्षाराणी हाताची घडी घालून त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

मग ते आत बसले. इतकं खाली बसायची त्यांना सवय नव्हती. बसमध्ये रस्ता खाली असायचा, इथं रस्ता कानाशी आला होता. पाय पेडलवर ठेवले, डोळे मिटले, आणि लगेच उघडले. वाकून खाली बघितलं. ॲक्सिलरेटरच्या पेडलवरचं रबर कोरं होतं. क्लचवरचं मात्र झिजून गुळगुळीत झालं होतं, देवळाच्या पायरीसारखं.

एवढी कमी पळालेली गाडी, आणि क्लच असा? जीभ वळवळली. पण मागं वर्षाराणी उभी होती. पहिल्या पाच मिनिटांत खोट काढली तर ती काय समजेल, ते त्यांना कळत होतं.

"जोतिबाला नेऊन आणू," ते म्हणाले.

धैर्यशील हसला. "अवो पावणं, गाडी घेतल्यावर जोतिबाला नेत्यात. आधी न्हवं."

"घेतल्यावर देवाला दाखवून काय उपयोग? त्यो काय परत घेतोय?"

"पर गाडीत दोघंच बसणार."

"मग तुमी या की मागनं मोटारसायकलवर."

वर्षाराणी म्हणाली, "मी चालवतो." मामांनी मान हलवली, पण ऊन लागतं म्हणून टप बंदच ठेवायला लावला. तेवढं तरी आपल्या मनासारखं.

पंचगंगेचा पूल ओलांडून केर्लीपर्यंत गाडी सुरेख आली. वर्षाराणीचा हात हलका होता. बापाकडूनच तिनं गाडी शिकली होती, आणि गिअर टाकताना खांदा न हलवण्याची त्याची ढब तिच्यात जशीच्या तशी उतरली होती. तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. मामांना वाटलं, क्लचचं रबर म्हणजे काही पुरावा नव्हे. कदाचित गाडी चांगलीच असेल. आणि या विचारानं आपल्याला बरं वाटत नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं.

केर्लीला वळून डोंगर सुरू झाला, आणि पुढं भाविकांची एक भरलेली बस आली. चालण्याच्या वेगानं चढणारी, काळा धूर सोडणारी. पुढं काढायला जागा नव्हती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उतरणाऱ्या गाड्यांची रांग. वर्षाराणी पहिल्या गिअरवर आली.

पहिल्या वळणाला इंजिन ओरडलं, पण गाडी ओरडण्याइतकी पुढं गेली नाही. दुसऱ्या वळणाला जळक्या रबरासारखा वास आला. "बसचा वास येतोय," वर्षाराणी म्हणाली.  मामा काट्याकडं बघत होते. गाडीच्या उष्णतेचा काटा, जो केर्लीपर्यंत मधोमध झोपला होता, तो उठून वर निघाला होता. इंजिन गार करणारा पुढचा पंखा फिरत असता तर त्याची घरघर इथं ऐकू आली असती. नुसतं इंजिन ऐकू येत होतं.

वर्षाराणीची नजर बसच्या मागच्या चाकावर खिळली होती. तिला काटा दिसत नव्हता.

कृष्णातमामांना सगळं पुढचं दिसलं. अजून दोन वळणं. काटा लाल रेघेत जाईल, बॉनेटमधून वाफ उसळेल, इंजिन बसेल. आणि मग त्यांना एक शब्द बोलायची गरज पडणार नाही. 'र्‍हाऊ द्या' गाडीच म्हणेल. वर्षाराणीला बापावर संशय घ्यायलाही जागा उरणार नाही. फक्त गप्प बसायचं. गप्प बसणं त्यांना नेहमीच जमायचं.

मागून धैर्यशील हॉर्न वाजवून हातानं 'चला, चला' करत होता. काटा लाल रेघेला टेकला. वर्षाराणीच्या कपाळावर घाम होता, आणि तरी ती हसत होती.

"बाजूला घे," मामा म्हणाले.

"आत्ता? अवो आण्णा, चढावर?"

"वर्षा, बाजूला घे! इंजिन बसाय लागलंय तिचं!"

असा आवाज त्यांनी तिला गाडी शिकवताना एकदाच काढला होता. तिनं पुढच्या वळणाशी रुंद जागा बघून गाडी आत घातली आणि किल्लीकडं हात नेला.

"बंद करू नको. गिअर काढ. हिटर लाव, सगळा."

"हिटर?"

"आतली आग भाईर काढायची. लाव. आणि टप उघड, न्हाईतर आपण दोघं भाजून निघू."

टप मागं गेला. तोंडावर गरम वारा आणि डोक्यावर जोतिबाचं ऊन, असे बापलेक काट्याकडं बघत बसले. काटा लाल रेघेवर थरथरत राहिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तो केसभर खाली आला. मग आणखी. वर्षाराणीनं श्वास सोडला आणि सीटखाली घरंगळलेली पाण्याची बाटली काढायला हात घातला. बाटली निघाली, तिच्याबरोबर मूठभर काहीतरी निघालं. तिनं तळहात उघडला. गुलाबी रंगवलेले तांदूळ, आणि चमकीचे तुकडे.

ती त्या तांदळाकडं बघत राहिली. मग मागं घडी पडलेल्या टपाकडं बघितलं. घडीच्या आत, जिथं पुसणाऱ्याचा हात पोचत नाही तिथं, गुलालाचा जाड थर बसला होता.

धैर्यशील मोटारसायकल लावून आला. "काय झालं, पावणं?"

वर्षाराणीनं तळहात पुढं केला. "मुहूर्ताला भाईर काढत्यात म्हंजे कसल्या मुहूर्ताला वो?"

"लग्नाच्या की!" धैर्यशीलला प्रश्नच कळला नाही. "वरातीला मागणी हाय हिला. मिरवणुकीलाबी. ताई, गाडी लई जपून चालवलीया. माणसाच्या चालीच्या वर कवा काढलीच न्हाई!"

त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. तो खरोखरच गाडीचा गुण सांगत होता.

वर्षाराणी हळूच म्हणाली, "म्हंजे पहिल्या गिअरात. अर्धा क्लच दाबून. बँजोच्या मागनं, तास न् तास." आणि बापाकडं वळली. "तुम्हाला कधी कळलं?"

"क्लचचं रबर बघितलं तवा शंका आली."

"मग बोलला का न्हाई?"

"तू काय म्हणालीवतीस, ध्यानात हाय?"

तिनं हातातले तांदूळ खाली सोडले. इंजिन गार झाल्यावर दोघांनी वर शिखराकडं बघून हात जोडले आणि गाडी उताराला लावली. टप लावायचं दोघांनाही सुचलं नाही. उताराला वारा मिळाला आणि काटा निमूट जागेवर आला. आणि मग कृष्णातमामांना ते मोकळेपण जाणवलं. तीस वर्षं त्यांनी इंजिनाशेजारी बसून काढली होती, पायाला झळ, कानाला घरघर, मागं माणसांचा गलका. इथं आभाळ थेट डोक्यावर होतं. खाली उसाचे हिरवे पट्टे, मध्ये पंचगंगेची वळणं, आणि कानांत नुसता वारा. एका वळणाला त्यांनी काच खाली करायला हात नेला, आणि काच आधीच खाली आहे हे बघून स्वतःशीच हसले. वर्षाराणीनं ते हसू पाहिलं.

"आण्णा," ती म्हणाली, "घ्यायची काय?"

सकाळी तोंडात तयार असलेला शब्द आता बाहेर येईना. क्लच बदलता येतो, पंखा बदलता येतो, असं त्यांचं मनच त्यांना सांगू लागलं. ते उसाकडं बघत राहिले. केर्लीचा फाटा आला.

"र्‍हाऊ दे," ते म्हणाले. "क्लच बदलशील, पंखा बदलशील. पर हे इंजिन वरातीत उभ्या उभ्या किती येळा तापलंय, ते कोण सांगणार? आजऱ्याच्या वाटंवर मधीच बसली तर?" मग म्हणाले, "ही र्‍हाऊ दे."

वर्षाराणी गप्प झाली. शाहूपुरी येईपर्यंत गप्प. किल्ली परत देतानाही धैर्यशीलला फक्त "बरं, दादा" एवढंच. रिक्षातही ती खिडकीबाहेर बघत होती. ही शांतता मामांच्या ओळखीची होती, आणि तिची त्यांना भीती वाटत होती.

घरी बाळाबाई दारातच होती. दोघं चपला काढायला वाकले तशी ती ओरडली, "अगं बया! ही कुणाची मिरवणूक म्हणायची?"

दोघांच्याही पाठी गुलाबी झाल्या होत्या. सीटच्या शिवणीत मुरलेला गुलाल घामानं सुटून मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटला होता.

"कोण निवडून आलं?" बाळाबाई म्हणाली.

वर्षाराणी आधी बापाच्या पाठीकडं बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. "आण्णा," ती म्हणाली. "आण्णा आलं निवडून." आणि तसंच हसत त्यांच्याकडं वळली. "सांगलीत एक हाय म्हणत्यात, दुसरी. रविवारी येणार काय बघायला?"

कृष्णातमामा सदरा काढता काढता थांबले.

"टप उघडतंय न्हवं तिचं?"