पोंक्षेने घेतलेलं स्पॅनिश मंडळ

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. सुधाकर पोंक्षे चांगला ठणठणीत आहे, दुबईत टाइल्स विकतो, त्यामुळे माझी ती पंचाईत नाही. हा माणूस हात मिळवण्याआधी समोरच्याच्या नावातली इंग्रजी अक्षरं बोटांवर मोजायचा. अल बर्शातल्या त्याच्या ऑफिसात मी मॅनेजर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझीही मोजली. "प्रकाश, तुझ्यात एक 'के' कमी आहे," म्हणाला. आठवड्याभरात दोन 'के'ची व्हिजिटिंग कार्डं टेबलावर. झालो मी प्रक्काश.

हे खूळ त्याच्या डोक्यात बर दुबई भागातल्या एका अंकशास्त्रवाल्या गुरुजींनी भरवलं होतं. धंदा चालला तर आकड्यामुळे, जबल अली बंदरात कंटेनर अडकला तर स्पेलिंगमुळे. "यल्ला, चला, नाव बदला!" हे त्याचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध. कागदपत्रं अपुरी होती म्हणून कंटेनर अडकलाय, हे सांगायला जावं तर म्हणायचा, "तुम्हा लोकांना वरवरचं दिसतं."

आमच्या टाइल्स स्पेनमधल्या एका लहान गावातून यायच्या. तिथे एक फुटबॉल क्लब होता, पेन्या आल्फारेरा. कुंभारकाम करणाऱ्यांनी काढलेला. विटकरी शर्ट, माती उपसून झालेल्या खाणीत मैदान, आणि लीगची अगदी तळाची पायरी. कधीकाळी त्यांनी शहरातल्या मोठ्या टीमला हरवलं होतं. गावातले म्हातारे तो गोल अजून काठी बाजूला ठेवून पायाने करून दाखवतात. पुढे भट्ट्या बंद पडत गेल्या, स्टँडचं छप्पर खाली यायला लागलं आणि क्लबला मालक शोधावा लागला. पोंक्षेने घेतला. फुटबॉलमधलं याला ओ की ठो कळत नव्हतं. हाफटाइमला मॅच संपली समजून टाळ्या वाजवणारा इसम! पण कार्डावर 'प्रेसिडेंट' छापता येणार होतं ना.

क्लबचा सेक्रेटरी विसेंते दुबईला आला. सत्तरी ओलांडलेला, आयुष्य भट्टीपुढे गेलेला माणूस. त्याची मागणी एकच होती, नाव तेवढं बदलू नका. मी त्याला पेन्याचा अर्थ विचारला. मोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, दोस्त जमतात, जो तो आपला वाटा देतो, मिळून काहीतरी चालवतात. म्हटलं, अहो, हे तर आमचं मंडळ! त्याने 'मंडळ, मंडळ' असं दोनदा घोकलं.

पोंक्षेने छातीवर हात ठेवला. "इन्शाल्ला, हबीबी! नाव राहणार, इन्शाल्ला!" विसेंतेच्या डोळ्यांत पाणी आलं. इन्शाल्ला म्हणजे देवाची इच्छा असेल तर; पण आमच्या साहेबाचं इन्शाल्ला मला ठाऊक होतं. पगारवाढीला तो हेच म्हणायचा. लिफ्टमध्ये मी विसेंतेला सांगितलं, "हा नाही म्हणालाय." तो हसला. म्हणाला, "आमच्या भाषेतही हा शब्द अरबांकडूनच आलाय, जरा वेगळ्या रूपात. आम्ही तो मनापासून म्हणतो."

पेन्यातल्या 'एन'वर एक नागमोडी रेघ असते. गुरुजींच्या तक्त्यात त्या अक्षराला आकडाच नव्हता. झालं! रेघ पुसायची ठरली. पोंक्षेची मुलगी शाळेत स्पॅनिश शिकत होती, ती किंचाळलीच. "डॅड, विदाउट दॅट इट मीन्स सॉरो!" पेन्या म्हणजे मंडळ, पेना म्हणजे दुःख. कुंभारांच्या मंडळाचं कुंभारांचं दुःख करून ठेवलं या शहाण्याने. वर मुलीला म्हणतो कसा, "बेटा, अर्थ लोक विसरतात. आकडा लागतो." असली अक्कल देव कुठल्या रांगेत वाटतो कोण जाणे.

नव्या नावाच्या पहिल्या मॅचला तो मला घेऊन स्पेनला गेला. सोबत नारळ. गोलपोस्टवर आपटला, फुटेना. शेवटी पायरीवर फोडला. फाटकावर बिनरेघेची नवी पाटी, मैदानात एजंटकडून आणलेली अकरा परकी पोरं, आणि स्टँडमध्ये चिटपाखरू नाही. "लोक कुठायत?" त्याने मला दरडावून विचारलं, जसे काही मीच लपवले होते.

एवढ्यात टेकडीपलीकडून आरोळी उठली. जाऊन बघतो तर शाळेच्या मैदानावर अख्खं गाव. विटकरी शर्ट, चादरीवर रंगवलेलं जुनं नाव, रेघेसकट. जुने खेळाडू इकडेच. त्यांनी सरळ नवा क्लब काढला होता. फाटकाशी टेबल मांडून विसेंते सभासद नोंदवत होता.

पोंक्षे रांग मोडून पुढे घुसला. "याचे शेअर किती? सगळे घेतो."

विसेंतेने शांतपणे उत्तर दिलं, आणि ते मी मोठ्या आनंदाने मराठीत सांगितलं. "साहेब, हे मंडळ आहे. विकत मिळत नाही. वर्गणी भरायची, मग एक मत मिळतं."

"आणि प्रेसिडेंटला?"

"एकच."

"खलास!" तो टॅक्सीकडे वळला. "भिकारडे लेकाचे. चल रे."

मी गेलो नाही. रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.