भगीरथने पेट्या उघडणं सोडलं

शहापूरच्या बाजारात भगीरथचं मोटार वाइंडिंगचं दुकान. मधमाशांचा नाद मात्र सापगावच्या घरचा. तिथे घरामागचा रस्ता रुंद झाला, तेव्हा त्याने पेट्या उचलल्या आणि शहापुरातल्या आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत आणून ठेवल्या. सातेरी जातीच्या माशा त्या, गरीब स्वभावाच्या. कधी चावल्याच तर नखाने नांगी खरवडायची आणि पुढच्या कामाला लागायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर एक माशी मानेवर डसली. नांगी काढून त्याने पेटीचं झाकण लावलं, तोच तळहातांना खाज सुटली. मग ओठ जड झाले. जिना उतरताना घशात कुणी बोळा कोंबल्यासारखं झालं. श्वास आत जाईना. खालच्या मजल्यावरच्या सुदामने त्याला मोटरसायकलवर मागे बसवलं, पडू नये म्हणून टॉवेलने आपल्या कमरेला बांधलं आणि दवाखाना गाठला.

"आज वेळेत आलात," भगीरथला नीट शुद्ध आल्यावर डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वेळी तेवढी सवड मिळेलच असं नाही. माशा सोडा."

त्याची बायको रविना तेव्हा माहेरी, वैशाखऱ्याला गेली होती. "तिला सांगू नको रे," भगीरथने सुदामला गळ घातली. कळलं तर ती पेट्या एक दिवस ठेवायची नाही, आणि पेट्या सोडायला त्याचं मन तयार नव्हतं.

पण गच्चीवर जायला पायही तयार नव्हते. दुकानात चहाच्या ग्लासाभोवती माशी घोंगावली की तो स्टूल पाडून बाहेर पळायचा. दोरीवरचा शर्ट तो दहादा झटकून घालायचा. पंख्याची घरघर बदलली तरी मानेवर काटा यायचा. सकाळी उठल्याबरोबर आवंढा गिळून बघायचा, घसा मोकळा आहे ना.

"अवो, पेट्या बघितल्या नाय किती दिवस?" रविना विचारायची.

"गुडघा दुखतोय गो."

फेब्रुवारीत माशांची वाढ होते. पेटी उघडून जागा करून दिली नाही, तर दाटी होते आणि अर्ध्या माशा राणीला घेऊन बाहेर पडतात. भगीरथला हे पक्कं माहीत होतं. रोज तो जिन्यापर्यंत जायचा आणि परत फिरायचा.

शेवटी व्हायचं ते झालं. एका दुपारी अख्खा थवा गच्चीवरून उतरला आणि त्याच बिल्डिंगमधल्या पूजाच्या बाल्कनीतल्या ग्रिलला लोंबला. पूजाचं तान्हं बाळ आतल्या खोलीत होतं. तिचा सासरा फवारणीचा पंप घेऊन उभाच राहिला.

"भगीरथ, तुमच्या माशा हायेत. तुमी काढा, नायतर मी मारतो!"

भगीरथने तोंडावर जाळी चढवली, हातमोजे घातले, टोपली घेतली. रविना आणि सुदामला मागे घेऊन पूजाच्या बाल्कनीच्या दारापाशी आला. समोर तो तपकिरी घोस हलत होता, गुणगुणत होता. एकही माशी चावली नव्हती, तरी त्याचा श्वास अडला. टोपली हातातून सुटली.

"मला नाय जमणार," तो भिंतीला टेकला. "मी मरेन, रविना. खरंच मरेन."

मग सुदामनेच दवाखान्यातली हकीगत सांगितली. रविनाचा चेहरा पांढरा पडला आणि लगेच तापला.

"सुदामभावजींना ठाव, आणि मला नाय?"

तिने त्याच्या डोक्यावरची जाळी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली, त्याचे हातमोजे चढवले, टोपली उचलली. त्याला आत ढकलून काचेचं दार ओढून घेतलं. इतकी वर्षं ती त्याचं हे काम लांबूनच बघत आली होती. भगीरथ काचेला तोंड लावून ओरडत राहिला, "खालून टोपली धर! सावकाश गो, सावकाश! आता हलकेच हात फिरव!" तिने हात फिरवला. घोस टोपलीत उतरला. एक माशी मात्र हातमोज्याच्या वर, मनगटाला डसली.

ती आत आली तेव्हा भगीरथने तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या ओठांकडे बघत राहिला. "खाजतंय? श्वास येतोय ना?" त्याने इतक्या वेळा विचारलं की ती वैतागली. सुदाम गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा होता. मनगट सुजलं, त्यापलीकडे काहीच झालं नाही.

त्या आठवड्यात एक सोडून सगळ्या पेट्या वैशाखऱ्याला, रविनाच्या भावाकडे गेल्या. एक तिने अडवली. "ही मी बघीन," म्हणाली. भगीरथ भांडला, दोन दिवस नीट जेवला नाही. तिने ऐकलं नाही.

आता ती वर गेली की तो जिन्यात, बंद दाराच्या अलीकडे थांबतो. माशी डसलीच तर लगेच टोचायला डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन खिशात असतं. तिचा आवाज आला नाही की हाक मारतो.

"रविना?"

"हाय हो," ती वरून म्हणते.

थोडा वेळ जातो आणि तो पुन्हा हाक मारतो.