येथे काफी मिळेल

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला आमच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. फोन बायकोने घेतला. तिच्या थोरल्या बहिणीचा होता, म्हणजे नानांच्या घरचाच. बायको बाहेर आली, दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "नाना गेले..." मी कप खाली ठेवला. खरं सांगतो, रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की आता चहा-कॉफीवरून भांडायचं कोणाशी? साडू म्हणून मिळालेला हा माणूस आयुष्यभर माझ्याशी याच एका विषयावर भांडला. मी चहाचा माणूस. आले घातलेला, दाट, गोडमिट्ट चहा, आणि त्याला कोणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. नाना मात्र माझ्याच घरी येऊन माझ्या चहाला "रंगीत पाणी" म्हणायचे आणि वर दोन कप पिऊन जायचे.

नाना रावेरकडचे. घरी केळीचे मळे, घरात शंभर टक्के चहा. कॉफी त्यांना लागली ती भुसावळला, रेल्वेत नव्याने चिकटले तेव्हा. त्यांचे साहेब दक्षिणेकडचे होते. त्यांनी एकदा घरी बोलावलं, आणि साहेबांच्या आईने स्टीलच्या गिलासात काळपट, फेसाळ असं काहीतरी आणून ठेवलं. कडू. नानांनी डोळे मिटून संपवलं, तर म्हातारी पुन्हा ओतायला वाकली. तिला मराठी येईना, नानांना तिची भाषा येईना, म्हणून नानांनी आपल्या खान्देशी हिंदीत गिलासावर हात धरला, "काफी, माँजी, काफी." त्यांना म्हणायचं होतं, पुरे झालं. पण त्या घरात कॉफीला 'कापी'च म्हणत. पोराला आवडली म्हणून म्हातारी हरखली आणि तिने काठोकाठ भरला. नाना आणखी जोरात, "काफी, काफी!" तिने आणखी ओतली. "साडूभाऊ," नाना सांगायचे, "तिसऱ्या गिलासाला मी हात काढून घेतला. म्हटलं, आता खरंच पाहिजे." पुढे साहेबांची बदली झाली तेव्हा त्या माउलीने आपला पितळी फिल्टर नानांच्या हातात दिला. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती माझ्याच बाबतीत घडली असं वाटतं.

निवृत्तीनंतर नाना जळगावात स्थायिक झाले आणि त्यांचा छळ सुरू झाला, की त्यांनी जळगावचा सुरू केला, कोण जाणे. घरी फिल्टर होताच. रात्री पूड भरायची, वरून उकळतं पाणी, सकाळी खालच्या भांड्यात काढा तयार. पण नानांचं म्हणणं, घरची कॉफी ही पूजा झाली, देव गावात दिसला पाहिजे. म्हणून ते गावभर हिंडायचे. हॉटेलात कॉफी मागितली की पोऱ्या विचारायचा, "नाना, उपास आहे का?" आपल्याकडे कॉफी म्हणजे एकादशीला, नाहीतर तापातून उठलेल्याला. आणि मिळायची ती जायफळ घातलेली. जायफळाचं नाव काढलं की नानांच्या कपाळाची शीर उडायची. "झोपायचं औषध आणि जागं राहायचं औषध एका कपात घालतात, मग माणसाने करायचं काय?" लग्नात मशीनची कॉफी असायची, वर चॉकलेटची भुकटी, नाना ती हातात धरून मांडवभर फिरायचे आणि शेवटी मला द्यायचे. हायवेवर काचेचं नवं दुकान निघालं तेव्हा मला मुद्दाम धुळ्याहून बोलावून घेतलं. मे महिना, जळगावचं ऊन, आणि हा गृहस्थ गरम कॉफी प्यायला निघालेला. कपात दुधाच्या फेसावर नक्षीचं पान काढलं होतं. नाना बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "केळीचं काढलं असतं तर जेवलो तरी असतो."

शेवटी सापडल्या त्या अक्का. मूळच्या साक्रीकडच्या, जळगावात स्टँडच्या मागे त्यांचं पोह्या-चहाचं छोटं हॉटेल. नाना तिथे रोज जाऊन बसायचे आणि रोज कॉफीचंच रडगाणं गायचे. अक्का एके दिवशी वैतागल्या आणि म्हणाल्या, आणा तुमचं ते भांडं. पण अट घातली. "भरेल फिल्टर सकाळीच खपाले पाहिजे. काढा फेकना पडना तर त्याच दिवशी बंद." नानांनी अट मान्य केली आणि घरचा फिल्टर उचलून हॉटेलात नेऊन ठेवला. मेव्हणी आठवडाभर बोलली नाही. नानांनी पेंटरला बोलावून पाटी सांगितली, तीही आपल्या रावेरी तोंडाने, आणि पेंटरने ऐकलं तसं रंगवलं: 'येथे काफी मिळेल'. मी पाहिलं तेव्हा पोट धरून हसलो. म्हटलं, नाना, काय काफी मिळेल ते तरी लिहा. अक्का पुसायला निघाल्या होत्या, नानांनी फडकं हिसकावून घेतलं. आणि गंमत बघा, त्या चुकलेल्या पाटीनेच काम केलं. जाणारा-येणारा थांबून विचारायचा, "काय काफी मिळेल, अक्का?" आणि नाना कोपऱ्यातल्या टेबलावरून हाक मारायचे, "या, बसा, सांगतो." मग भुसावळ, मग ती म्हातारी, मग गिलास. केळीचे व्यापारी बसले, कोर्टातले वकील बसले, पहाटे फिरायला जाणारी मंडळी बसली. जायफळ मागणाऱ्याला नाना हात जोडून चहाकडे वळवायचे. तरी सुरुवातीला काढा उरायचाच. तेव्हा उरलेला नाना स्वतः प्यायचे आणि घरी येऊन रात्रभर टक्क जागे. मेव्हणी म्हणायची, या माणसाने कॉफीशी दुसरा संसार मांडलाय.

मी मात्र त्या हॉटेलात कधीही कॉफी घेतली नाही. नाना समोर बसलेले असताना मुद्दाम चहा मागवायचा, फुरके मारत प्यायचा. त्यातच आमची मजा होती, आणि दोघांनाही ती ठाऊक होती.

पुढे नाना आजारी पडले, आणि आजार वाढला तसे घरातच अडकले. शेवटचं भेटायला गेलो तेव्हा खाटेवर उशीला टेकून बसले होते. तब्येतीचं विचारलं तर हात झटकला. म्हणाले, "साडूभाऊ, मी जातोय ते ठीक आहे. पण अक्काची अट आठवते ना? मी टेबलावर नसलो की लोक चहाकडे जातील. काढा उरेल. फिल्टर घरी येईल... फिल्टर घरी आला तर समज मी हरलो." इतक्या वर्षांत या माणसाला हरण्याची भीती वाटलेली मी पहिल्यांदा पाहिली. म्हटलं, नाना, चहाच्या माणसाला काय सांगता हे. ते हसले. तेवढंच.

महिन्याच्या विधीला जळगावला गेलो. रात्री मेव्हणीच्या स्वयंपाकघरात नजर फिरवली, फिल्टर कुठे दिसला नाही. विचारायचा धीर झाला नाही. माळ्यावर टाकला असेल, किंवा मोडीत गेला असेल. सकाळी घरचं आटपून स्टँडच्या मागे गेलो. उन्हं चांगली वर आली होती. पाटी जागेवर होती, पण पाटीचं काय, ती कोणी काढत नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर अनोळखी चार माणसं बसली होती. मी गल्ल्याशी गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "अक्का, एक कॉफी."

अक्का भांडी विसळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काफी संपी गयी. बठ्ठी. सकायमा लवकर या ना भाऊ."

मी तिथेच उभा राहिलो. संपली. नाना टेबलावर नाहीत, गोष्ट सांगायला कोणी नाही, आणि तरी सगळी संपली. मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे कधी भरले ते कळलं नाही. अक्कांनी तेव्हा मान वर केली आणि मला ओळखलं. फळीवरून पितळी फिल्टर खाली घेतला, बाहेरून लख्ख घासलेला होता. मधल्या चाळणीत सकाळचीच पूड होती, तिच्यावर पुन्हा उकळतं पाणी ओतलं. मी नानांच्या टेबलावर जाऊन बसलो. त्या चौघांनी सरकून जागा दिली. त्यातल्या एकाने विचारलं, "पहिल्यांदा आले का? या काफीची एक गोष्ट आहे, भुसावळची..." आणि त्याने मला नानांची गोष्ट सांगितली, थोडी चुकवून. त्याच्या गोष्टीत म्हातारीने पाच गिलास पाजले होते. मी दुरुस्ती केली नाही.

अक्कांनी गिलास आणून ठेवला आणि ओतायला लागल्या. दुसऱ्या पाण्याचा काढा, पातळच असणार, आणि मी पडलो चहाचा माणूस. अर्ध्यावर आल्यावर मी गिलासावर हात धरला आणि म्हणालो, "काफी, अक्का, काफी."

अक्कांनी माझा हात बाजूला केला आणि गिलास काठोकाठ भरला.