दादाच्या गाडीवरचं डावीकडचं वजन

मोटारसायकलच्या मागच्या चाकाला कारचा टायर बसवावा का, असं अधूनमधून कुणीतरी मला इथे ब्लॉगवर विचारतंच. आजवर मी ‘नका बसवू’ एवढंच लिहून मोकळी व्हायचे. या खेपेला सविस्तर लिहितेय, कारण तसा टायर बसवलेली गाडी मी स्वतः चालवून आलेय आणि आल्यापासून मला नीट झोप नाही.

निमित्त झालं प्रियांकाच्या फोनचं. ही माझी भाची, दादाची एकुलती एक मुलगी, सांगलीत दिलेली. ‘‘आत्या, पप्पा परत पडले. ओल्या रस्त्यावर गाडी वळलीच नाही, सरळ उसात गेली. ऊस होता म्हणून वाचले. तो टायर काढायला तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाहीत.’’ मग तिने आवाज खाली आणला. ‘‘आणि गाडीवर बोलतात ते. आईशी.’’

प्रियांकाची आई, म्हणजे माझी शालनवहिनी, जाऊन दोन वर्षं होत आलीत. दादा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि आयुष्यभराची हौस म्हणून त्याने एक जाडजूड, बुटकी क्रूझर घेतली. वहिनीला मागे बसवून तो पार गोकर्णापर्यंत जाऊन आला. ती गेल्यावर एकटाच हिंडायला लागला, इतका की मागचा टायर बघता बघता गुळगुळीत व्हायचा. मग पलटणीतल्या कुणा जोडीदाराने मोबाइलवर दाखवलं, की परदेशात काही लोक मागे चक्क कारचा टायर टाकतात आणि तो कितीतरी पट जास्त चालतो. रिमच्या मापाचा टायर मिळाला, दादाने टाकला. बोलणं सुरू झालं ते तेव्हापासून.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. वहिनी गेली तेव्हा दादा पुण्यात सिक्युरिटीच्या नोकरीवर होता. दवाखान्यात तिच्या उशाशी मी होते. तिचे शेवटचे तास फार वाईट गेले. दादा पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. त्याने मला त्याबद्दल एका शब्दाने कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी कंदी पेढ्यांचा पुडा डिकीत टाकून मी साताऱ्याहून निघाले. हमरस्त्याने कराडवरून जाता येतं, पण मला तो ट्रकांचा गोंगाट नको होता. रहिमतपूर, पुसेसावळी करत देवराष्ट्र्याला उतरायचं ठरवलं. रस्ता बहुतेक चांगला आहे, पण थंडीत गेलात तर उसाच्या ट्रॉल्यांना जपा. रुंदीला रस्त्याएवढ्या, मागे दिवा नाही, आणि खाली सांडलेलं पाचट बर्फासारखं घसरतं. रहिमतपूरच्या पुढे धुकं इतकं दाट होतं, की ट्रॉली दिसायच्या आधी ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू यायची. वाटेत एका टपरीवर गरम कांदाभजी आणि चहा झाला. भजी झकास होती. चहात साखर एवढी, की जणू कारखाना यांच्याच घरचा.

देवराष्ट्र्याच्या फाट्यावर दादा वाट बघत उभा होता. दाढी घोटलेली, बूट चकचकीत, चेहरा मात्र वाळलेला. ठरल्याप्रमाणे सागरेश्वरचा घाट मी त्याच्या गाडीवर उतरणार होते आणि तो माझ्या.

मी बसले, चावी फिरवली.

‘‘नंदे, जरा थांब,’’ दादा म्हणाला. पुढे येऊन त्याने बुटाच्या टोकाने डावीकडची पायपट्टी खाली पाडली. साडी नेसलेल्या बायका एका अंगाला बसून दोन्ही पाय टेकवतात, ती. मग तो नुसता उभा राहिला. इंजिन धडधडत होतं. मीही का कोण जाणे, दोन्ही पाय घट्ट रोवून गाडी सावरून धरली, मागे कुणी चढताना धरतो तशी.

‘‘हां,’’ तो म्हणाला. ‘‘चल आता.’’

आता तांत्रिक भाग, ज्यांना हवा त्यांच्यासाठी. मोटारसायकलचा टायर गोल असतो, म्हणून गाडी वळणावर सहज झुकते. कारचा टायर सपाट. तो झुकायला नाखूश असतो, हँडल दाबून त्याला झुकवावं लागतं. शिवाय आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते. सपाट टायर त्या उतारावर सपाट बसू बघतो, म्हणून गाडी सारखी डावीकडे कलते. हे सगळं मी घरून वाचून निघाले होते. पहिल्या वळणापर्यंत ते मला पटतही होतं.

शालनवहिनी माझ्याही मागे पुष्कळदा बसलेली. बाजाराला, लग्नाकार्याला. ती कायम डाव्या अंगाला पाय सोडून बसायची, आणि उजवं वळण आलं की घाबरून काठीसारखी ताठ व्हायची. आपण उजवीकडे झुकायचं आणि हिने गाडी सरळ धरायची. मी करवादायचे, ती हसायची. ते वजन माझ्या खांद्यांना अजून माहीत आहे.

घाटातल्या पहिल्या उजव्या वळणावर गाडी ताठ झाली.

मी हँडल दाबलं. ती ऐकेना. डावीकडे, माझ्या कमरेच्या जरा मागे, कुणीतरी अंग चोरून बसलं होतं. दरीच्या बाजूने धुकं वर येत होतं आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, ‘‘वहिनी, सैल बस की गं.’’ आरशात बघायचा धीर झाला नाही. बघितलं असतं तर मागे माझ्या गाडीवरून येणारा दादा दिसला असता, एवढंच. तरी नाही बघितलं.

खाली ताकारीत पोचल्यावर दादाने गाडी शेजारी लावली. ‘‘कळलं?’’

‘‘टायर चौकोनी आहे, रस्ता उतरता आहे. म्हणून ओढतो,’’ मी म्हणाले. हात मी खिशात घातले.

‘‘व्हय. मला बी ठावं हाय ते. मी काय येडा न्हाई.’’ त्याने पायपट्टी हाताने अलगद वर घेतली. ‘‘पर वजन तिचंच हाय.’’

कुंडलला घरी पोचून दादाच्या हातची भाकरी आणि घट्ट आमटी जेवले. फौजेतला माणूस, भाकरी कंपासने काढल्यासारखी गोल. टायरचा विषय मी तीनदा काढला, त्याने तिन्ही वेळा आमटी वाढली. शेवटी म्हणाला, ‘‘मरंना का मी. कुनाचं काय आडलंय?’’ मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही गिळून मी झोपले.

रविवारी लेकीला भेटायला म्हणून दोघं दोन गाड्यांवर सांगलीला निघालो. मी त्याच्या मागे होते. त्याची गाडी मागून बघणं मला जड गेलं. दादा सरळ बसतच नव्हता. डावीकडे बाई बसली की पुढचा पुरुष तोल राखायला उजवीकडे किंचित झुकतो ना, तसा तो झुकला होता, सरळ रस्त्यावरसुद्धा. आणि मागची सीट रिकामी. मधूनच तो मान कलती करून काहीतरी बोलायचा, ऐकायचा आणि मान हलवायचा. पलूसच्या गर्दीत आम्ही गाड्या हळू केल्या, तिथे टपरीवर दोन माणसं चहा पीत उभी होती. एक दुसऱ्याला म्हणाला, ‘‘सुबेदार कुनाशी बोलत्यात रं?’’

भिलवडीच्या अलीकडे कुणीतरी उसाला पाणी सोडलेलं, पाट फुटून ते रस्त्यावर आलेलं. तिथेच उजवं वळण. दादाने हँडल दाबलं, रुंद टायर पाण्यावर तरंगल्यासारखा झाला आणि गाडी न वळता सरळ गेली. डांबर सोडून पाटाच्या काठावर, एका दगडाला घासून ती थांबली. दगडापलीकडे विहीर होती. कठडा नव्हता.

मी गाडी टाकून धावले. दादा गाडीवरच बसून होता. मागे वळून रिकाम्या सीटकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

‘‘पाडलं आसतं मी तिला,’’ तो म्हणाला. ‘‘नंदे, हिरीत घातलं आसतं.’’

स्वतःच्या जिवासाठी जो माणूस ऐकत नव्हता, तो तिच्या जिवासाठी ऐकला.

सांगलीत टायरच्या दुकानात रविवार असूनही गर्दी होती. कारचा टायर काढताना दुकानदार म्हणाला, ‘‘मेजर, अजून नवा हाय की ह्यो. कशाला काढताय? लय चालंल.’’ गोल टायर चढेपर्यंत दादा पाठ करून रस्त्याकडे बघत उभा राहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘रिकामी गाडी घरला न्यायचं जमायचं न्हाई मला. तू बसशील मागं? एका अंगानं?’’

मी तीस वर्षं गाडी चालवतेय. एका अंगाने बसणाऱ्या बायकांवर याच ब्लॉगवर मी भरपूर तोंडसुख घेतलंय. माझी गाडी प्रियांकाकडे ठेवली. तिने दिलेला भडंगाचा पुडा मांडीवर घेतला आणि दोन्ही पाय डावीकडे सोडून बसले.

परतीच्या वाटेवर गाडी लोण्यासारखी वळत होती. उजवं वळण आलं की मी मुद्दाम ताठ व्हायचे. दुसरं काय करणार? ऊन कललं होतं, दोन्ही बाजूंना ऊस, वारा पडलेला. पलूस मागे पडल्यावर दादाने वेग कमी केला. मान जराशी डावीकडे कलती केली.

‘‘शालन,’’ तो म्हणाला, ‘‘लय तरास झाला का गं तुला? जाताना?’’

दोन वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. झोपेतच गेली, असं सांगायचं मी कधीच ठरवून ठेवलं होतं. कुणापाशी बोलले नव्हते, नवऱ्यापाशीही नाही. पण प्रश्न मला नव्हता. खरं सांगते, एक अक्षर माझ्या तोंडून गेलं नाही.

थोडं अंतर गेलं. दादाने मान हलवली. ‘‘बरं,’’ म्हणाला, आणि गाडी पुन्हा वेगात घेतली. कुंडल येईपर्यंत तो सरळ बसून होता.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी माझी गाडी आणून दिली आणि मी साताऱ्याला परतले. येताना हमरस्ताच धरला. ट्रकांचा गोंगाट बरा वाटला.

तर मंडळी, कारचा टायर जास्त चालतो, हे खरं आहे. कोरड्या, सरळ रस्त्यावर त्रासही देत नाही. तरी बसवू नका. पाण्यात आणि वळणात तो तुमचा राहत नाही. हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते. बाकीचं मला काही सांगता येत नाही.

प्रियांका म्हणते, पप्पा गाडीवर बोलायचे थांबलेत. जेवतात नीट. काल दादाचा स्वतःहून फोन आला. नवा टायर आत्ताच झिजायला लागलाय म्हणून कुरकुर केली, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग विचारलं,

‘‘नंदे, तू हुतीस न्हवं तवा तिच्याजवळ? ती म्हनली मला त्या दिवशी गाडीवर, झोपेतच गेले म्हनून. तसंच न्हवं?’’

स्वयंपाकघरात मी भिंतीला टेकून उभी राहिले.

‘‘होय दादा,’’ मी म्हणाले. ‘‘झोपेतच.’’