सहकारी म्हणजे सोसायटी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक फॉर्म भरला. त्यातला एक रकाना राहूनच गेला, तोही माझ्यामुळे.

चिखल्याला खाणीच्या रस्त्यावर आमची खानावळ आहे. बायको रांधायची. मी कांदे कापायचो, ताटं उचलायचो आणि बोलणी खायचो. जेवायला येणारे ट्रक भरणारे नाहीतर चालवणारे. बालाघाटचे बरेच, दोन छत्तीसगडचे, एक बिहारी, एक तेलंगी.

त्या दिवशी दुपारची पंगत उठली आणि नागपूरच्या कॉलेजातली एक पोरगी आली. एका कामावर वेगवेगळ्या मुलखांची माणसं असली की त्यांच्या मनात काय काय चालते, यावर तिचं संशोधन होतं. मी म्हटलं, यात संशोधन कायचं, एक दिवस वाढायले उभी राहा, सगळं समजते. पोरगी हसली आणि तेही तिनं वहीत लिहून घेतलं.

बायको पाट्यावर मिरची वाटत होती. पोरीनं पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, काम करताना तुम्हाला कसं वाटतं?"

"असं," बायको म्हणाली आणि वरवंटा दोनदा जोरात ओढून दाखवला. "मिक्सरमंधी चव येत नाही."

पोरीला पेन खाली ठेवावा लागला. मग तिनं विचारलं, राग कोणाचा येतो. बायकोनं बिहाऱ्याचं नाव घेतलं. तो रोज म्हणे, आमच्या गावचा भात असा नसते, आणि रोज तीनदा मागून घे. वेगवेगळे लोक एकत्र कसे राहतात, या प्रश्नावर ती बोलली की वेगळे कुठले, सारेच सारखे किरकिरे आहेत. तेलंग्यासाठी ती चिंचेच्या कोळाची वाटी वेगळी झाकून ठेवायची, हे मात्र सांगितलं नाही. ते मी सांगितलं, तर माझ्यावरच डोळे काढले.

शेवटचा प्रश्न असा होता: कामाच्या ठिकाणी मनातलं कोणाजवळ बोलता? खाली चार चौकोन. साहेब, सहकारी, मित्र, कोणीच नाही. बायकोला वाचता येत नव्हतं. मी चौथी शिकलेलो, म्हणून मी वाचून दाखवलं.

"सहकारी?" ती म्हणाली. "सोसायटीत जाऊन मनातलं कायले सांगन कोणी? तिथं धान घेऊन गेलं तं भराले बारदाना नाही म्हणतेत."

पोरगी हसून हसून लाल झाली. मग तिनं समजावलं, आजी, सोबत काम करणाऱ्याला सहकारी म्हणतात. बायकोनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. असं तिनं मला लग्नातही पाहिलं नसेल.

"म्हणजे हा बुढा माहा सहकारी होय? एवढी वर्सं मले कोणी सांगतलंच नाही. मार बाई खूण, सोसायटीवरच मार."

तिथून मी सोसायटी झालो. सोसायटी, पाणी आणा. सोसायटी, चुलीकडे पाहा, दूध वर येऊन राहिलं.

मग माझी पाळी आली. वरवंटा थांबला. दोघीही माझ्याकडे पाहत होत्या. मला असलं बोलणं जन्मात जमलं नाही, त्यात परकी पोरगी समोर. मी म्हटलं, माहं कोरंच राहू द्या.

बायकोचं तोंड जरासं उतरलं. जीभ नाही उतरली. म्हणाली, ह्यायच्या पोटातून शब्द काढाले खाणीतली मशीन लागन. पोरगी म्हणाली, फॉर्म ठेवा, उद्या दहाच्या बसनं येऊन नेते.

"भरून ठेवा," बायको मला म्हणाली. "अन् सकाळी मले वाचून दाखवा. उजव्या कानाकडून." डाव्या कानानं तिला कमी ऐकू यायचं.

पोरगी गेल्यावर आम्ही चहा घेतला. कप ठेवला तशी ती छातीवर हात दाबून पाट्याजवळच बसली. बालाघाटच्या एका ड्रायव्हरनं गाडी काढली. तुमसरला डॉक्टरनं पाहिलं आणि मान हलवली. त्याच गाडीत तिला परत आणलं.

बपेऱ्याहून लेक आली आणि दिवस बुडायच्या आत आम्ही तिला घेऊन निघालो. पुढून मी आणि तेलंगी, मागून बिहारी आणि एक छत्तीसगडचा. तेलंगी उंच, मी बुटका, तिरडी सारी माझ्याकडे कललेली. ती असती तर म्हणाली असती, सोसायटी, जरा उचला ना वर. सगळ्यांत जास्त बिहारी रडला. भातात खोट काढणारा तोच.

सकाळी शेजारणीनं चहा आणून दिला. तो तसाच ठेवला. मिठाच्या बरणीखालचा फॉर्म काढला, चष्मा लावला आणि माझ्या रकान्यात सहकारीवर खूण केली. पेन उमटेना, म्हणून दोनदा केली. मग पाट्याजवळ गेलो. ती बसायची त्या जागेच्या उजव्या अंगाला टेकलो आणि मोठ्यानं वाचलं, प्रश्न पण आणि उत्तर पण.

लेक आतून आली. "बाबा, कोणासंग बोलून राहिले?"

"सोसायटीसंग," मी म्हटलं.